ग्रीक बेटांवरचं व्हायोलिन: सूर बरोबर लागतात, तरी वाजतं नाट्यगीतासारखं. काय चुकतंय?

गजवाली_निपाणी

नमस्कार मंडळी. माझा हात हिंदुस्थानी आहे. मांडी घालून वाजवते, जुळणी प सा प सा, सा पेटीच्या काळी एकला. एजियन समुद्रातल्या बेटांवरचं, मुख्यतः नाक्सोसकडचं व्हायोलिन-लाऊतो (लाऊतो म्हणजे साथीला ठोका देणारं, पडद्यांचं तंतुवाद्य) शिकायचंय. दोन सिर्तोस आणि एक कालामातियानोस, म्हणजे तिथल्या नाचांच्या चाली, कानाने उतरवून घेतलेत. ट्यूनर लावून बघितलं, सूर जागेवर आहेत. तरी वाजवलं की नाटकातल्या पदाच्या मधल्या तुकड्यासारखं वाटतं, नाचावंसं कुणालाच वाटणार नाही.

विचारायचं ते असं. जुळणी बदलावी का? कालामातियानोस सात मात्रांचा आहे, मग तो रूपक धरून वाजवला तर चालेल का? त्यात दर दुसऱ्या आवर्तनाला माझा गज उलटा पडतो, तो का? आणि उभं राहून वाजवणं सक्तीचं आहे का? निपाणी, चिकोडी, बेळगाव, कोल्हापूर या पट्ट्यात हे शिकवणारं कोणी नाही हे धरूनच चाललेय, तेव्हा "चांगला गुरू शोधा" एवढंच लिहू नका की.

---

दोक्सारी

ताई, सूर बरोबर असूनही वळण आपलंच राहतंय, म्हणजे घोळ उजव्या हातात आहे. आपल्याकडे गज गळ्यामागून चालतो. एका लांब गजात आठ-दहा सूर, मधे मींड (एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं), आणि गज कुठे पालटला ते कळू द्यायचं नाही. बेटांवर नेमकं उलटं. तिथे गज नाचणाऱ्याच्या पायासाठी चालतो, त्यामुळे तो पालटलेला ऐकू आलाच पाहिजे. पालट लपवलात की नाच गेला.

खाली "ओढ" म्हणजे मुठीकडून टोकाकडे, "ढकल" म्हणजे टोकाकडून मुठीकडे.

आधी सिर्तोस. नाचणाऱ्याची पावलं लांब-आखूड-आखूड पडतात, आठ मात्रांत ४+२+२. लाऊतोवाला मात्र बऱ्याचदा त्याच आठांना ३+३+२ असं ठोकतो, म्हणजे जोर १, ४ आणि ७ वर. तुम्ही आठ सूर सुटे वाजवलेत तर पहिला ओढीवर येतो, चौथा ढकलीवर, सातवा पुन्हा ओढीवर. बैठकीतल्या हाताची ढकल मुळात हलकी, म्हणून चौथ्या मात्रेचा जोर गायब होतो आणि मागे उरतो तो साधा केरवा. तुमचं "नाटकातलं पद" इथेच तयार होतंय.

उपाय: १-२ एका ओढीत, ३ ढकल. ४-५ एका ओढीत, ६ ढकल. ७ ओढ, ८ ढकल. एकूण सहा गज, तिन्ही जोर ओढीवर. आधी हे नुसत्या मोकळ्या तारेवर करा, डावा हात मांडीवर ठेवून. मेट्रोनोमचा ठोका एका मात्रेला एक, मिनिटाला १००. गजाच्या मधल्या भागातच राहायचं, एका मात्रेला साधारण पाच-सहा सेंटिमीटर केस पुरतात. पूर्ण गज वापरण्याची सवय असते ती इथे सोडावी लागते. लांब गजाला वळायला वेळ लागतो आणि तेवढ्यात जोराची जागा निघून जाते.

कालामातियानोसमध्ये गज उलटा पडतो त्याचं कारण सरळ गणिताचं आहे. सात सुटे गज म्हणजे विषम संख्या. पहिलं आवर्तन ओढीने सुरू झालं की दुसरं ढकलीने सुरू होणार. विभाग ३+२+२, म्हणून १-२ एका ओढीत घ्या, ३ ढकल, ४ ओढ, ५ ढकल, ६ ओढ, ७ ढकल. सहा गज झाले, पुढची सम पुन्हा ओढीवर. कार्सिलामास नावाचा नाच नऊचा, २+२+२+३. त्यात पहिले सहा सुटे, ७-८ एका ओढीत, ९ ढकल. गज आठ. विषम मात्रांच्या प्रत्येक चालीत एक जोडी बांधायची, आणि ती तीनच्या गटातच बांधायची, दोनच्या गटात नाही. दोनच्या गटात बांधलीत तर गजांची बेरीज सम येईल, पण जोर ढकलीवर जाऊन बसेल.

रूपक धरू नका. विभाग तोच, ३+२+२, म्हणूनच फसायला होतं. आपल्या रूपकात सम, म्हणजे पहिली मात्रा, 'खाली'वर (टाळी नसलेल्या जागी) असते, डग्गा तिथे गप्प. कालामातियानोसमध्ये पहिली मात्रा सगळ्यात जड, कारण लांब पाऊल तिथेच पडतं. तबल्याच्या अॅपवर रूपक लावून सराव केला की हात पहिली मात्रा सोडून चौथीवर दाबायला लागतो, आणि ती खोड मोडायला महिने जातात. त्यापेक्षा १, ४, ६ वर नुसती टिचकी लावा. नाच बारा पावलांचा आहे, एका आवर्तनात तीन पावलं, म्हणजे चार आवर्तनांत पावलांचा एक फेरा. वाजवताना स्वतः लांब-आखूड-आखूड चालून बघा. अवघडल्यासारखं होईल, पण कळतं त्यानेच.

---

खुंटी_आणि_घोडी

जुळणीचं मी सांगतो. बेटांवर नेहमीचीच पाश्चात्त्य जुळणी चालते. जाड तारेपासून: पांढरी पाच, पांढरी दोन, पांढरी सहा, पांढरी तीन. सगळीकडे षड्ज-पंचमाचं अंतर. स्मिर्ना म्हणजे आजचं इझमिर, तिथल्या आणि एकूण आशिया मायनरच्या ढंगात आणखी एक जुळणी आहे, तिला "अला तुर्का" म्हणतात. त्यात सगळ्यात बारीक तार एक पूर्ण सूर उतरवतात: पांढरी पाच, दोन, सहा, आणि पुन्हा पांढरी दोन.

आता पांढरी दोनला सा धरून हीच जुळणी वाचा. म सा प सां. ताई, तुमची प सा प सा, त्यांची म सा प सां. फरक फक्त जाड तारेचा, आणि पट्टी अर्ध्या सुराने वर. तुमच्या काळी एकच्या जुळणीतून जाड तार अर्धा सूर उतरवा, बाकी तिन्ही अर्धा-अर्धा सूर चढवा, झालं. जाड तार सोडली तर बोटांच्या जागाही बदलत नाहीत, बारीक तारेवर मधल्या सा-चीच बोटं वरच्या सप्तकात मिळतात. म्हणून माझं म्हणणं, सुरुवात स्मिर्नाच्या ढंगाने करा. एकाच वेळी गज आणि बोटं दोन्ही नवी नकोत.

नाक्सोसचंच करायचं असेल तर बारीक तार काळी एकवरून पांढरी तीनपर्यंत, म्हणजे तीन अर्धे सूर चढवावी लागेल. सैल राहायची सवय झालेली जुनी तार असली तर आधी बदला. नाहीतर ती घोडीवर किंवा खुंटीच्या भोकाशी तुटते, आणि तुटली की टोक तोंडावर येतं. एक-एक तारच बदलायची, चारही एकदम सैल केल्या तर आतला साउंड पोस्ट (पोटातली उभी लाकडी कांडी) पडतो. तारा चढवल्या की घोडी बोटांच्या पट्टीच्या बाजूला झुकते. दर दोन तारांनंतर बाजूने बघा, घोडीची शेपटीकडची पाठ काटकोनात उभी हवी. झुकलेली तशीच ठेवली तर दोन-चार दिवसांत वाकते, मग सरळ होत नाही.

अला तुर्कासाठी बारीक तार जरा जाड घ्या. पाकिटावर ०.२७ असा आकडा असलेली, नेहमीची ०.२६ ची असते. सूर उतरवल्यावर बारीक तार ढिली पडते आणि गजाखाली शिट्टी मारते, जाड तारेने ते कमी होतं.

पट्टीच्या टोकाशी तारेची उंची मोजा. बारीक तारेखाली साडेतीन मिलिमीटरच्या आसपास, जाडीखाली पाच ते साडेपाच. आपल्याकडे मींडेसाठी घोडी घासून खाली आणलेली असते. तेवढ्या खाली असलेल्या तारेवर आखूड, जोरकस ओढ मारली की तार पट्टीला लागून खरखरते. मिरज जवळ आहे खरं, पण तिथली ख्याती तंबोऱ्या-सतारीची. घोडी द्यायच्या आधी तो कारागीर व्हायोलिनची घोडी कोरतो का, ते विचारून घ्या. सतारीची जवारी लावणं आणि व्हायोलिनची घोडी कोरणं ही दोन वेगळी कामं.

---

गजवाली_निपाणी

म सा प सां हे वाचून डोक्यात उजेड पडला. पण मग पांढरी तीनच्या जुळणीत तार सा, म्हणजे वरच्या सप्तकातला सा, कुठे शोधायचा? बोट सवयीने मोकळ्या तारेकडेच जातं.

---

खुंटी_आणि_घोडी

पांढरी दोन सा धरा. दुसरी तार मोकळी म्हणजे सा, तिसरी मोकळी म्हणजे प. तार सा तिसऱ्या तारेवरच, तिसऱ्या बोटाला. शेवटची तार मोकळी म्हणजे तार रे. खरी गोची पुढे आहे. धून वाजवताना शेजारची मोकळी तार बरोबर घासत ठेवायची पद्धत आहे. प सा प सा मध्ये कुठलीही शेजारची तार सा किंवा प देते, जुळूनच येतं. इथे वरच्या सप्तकात गेलात की शेजारी मोकळा रे वाजतो आणि कानाला टोचतो. म्हणून घासायची ती खालच्या बाजूची तार, वरच्या बाजूची नाही.

---

सप्तक_खानापूर

दोक्सारींनी उजव्या हाताचं सगळं सांगितलं, पण डावा हातही निर्दोष नाही बरं का. यात आपल्या सवयी चार ठिकाणी आड येतात.

पहिली सवय मींड. बेटांवर बोटं आपापल्या जागी पडतात, हात पहिल्या जागेवर स्थिर. दोन सुरांमधलं अंतर घासत जायचं नाही. अलंकार आहेत आणि भरपूर आहेत, पण ते टिचकीचे. वरच्या शेजारच्या सुराला चाटून परत येणं, हे आपल्या खटक्याच्या जवळचं. लांब सुरावर ट्रिल, म्हणजे शेजारच्या दोन सुरांची भरभर अदलाबदल, त्याला तेही त्रिलिया म्हणतात. सुराच्या आधी एक कण. मींड घ्यायचीच झाली तर तुकड्याच्या शेवटी, एकदाच.

अलंकाराची जागा महत्त्वाची. आपण सुराच्या मध्यावर मुरकी घेतो. तिथे खटका मात्रेच्या ठोक्यावरच पडतो, गजाच्या नव्या ओढीबरोबर. खटका आधी आणि ओढ नंतर झाली तर लय लंगडते. सराव असा: तिसऱ्या तारेवर पहिलं बोट दाबून ठेवा, दुसऱ्या बोटाने एक झटका, आणि तो झटका ओढ सुरू होण्याच्या क्षणीच. मिनिटाला ६० ठोके, प्रत्येक ठोक्याला एक. मग दुसरं-तिसरं बोट. मग तिसरं-चौथं, आणि इथे बहुतेक जण अडतात, कारण हिंदुस्थानी हाताचं चौथं बोट बसून खाल्लेलं असतं. त्याला वेगळा वेळ द्या, रोज पाच मिनिटं, पण दुखायला लागलं की थांबायचं.

दुसरी सवय आंदोलन. तिथे रागासारखे सुरांचे "द्रोमी" आहेत, द्रोमोस म्हणजे रस्ता. हिजाझ नावाचा द्रोमोस बघा: कोमल रे, शुद्ध ग, शुद्ध म, प, कोमल ध, कोमल नी. आपला बसंत मुखारी डोळ्यापुढे येतो. चढताना बऱ्याचदा ध शुद्ध होतो, तेव्हा अहिर भैरव. आणि कोमल रे दिसला की आपलं बोट आपोआप भैरवाच्या रे सारखं डोलायला लागतं. तेच नको. हिजाझचा रे उभा असतो. जुन्या, आशिया मायनरकडच्या ढंगात तो किंचित चढा आणि ग किंचित उतरा, म्हणजे दोघांमधली फट आपल्या भैरवापेक्षा अरुंद. ट्यूनरवर सगळं हिरवं दिसलं म्हणजे सूर बरोबर, असं इथे म्हणता येत नाही. लाऊतोबरोबर वाजवताना मात्र त्याच्या पडद्यांशी जुळवून घ्यायचं, तिथे फार सूक्ष्म जाऊ नका.

उसाक ढोबळमानाने भैरवीच्या सुरांचा, पण चढताना रे कोमलपेक्षा वर आणि शुद्धपेक्षा खाली. रास्त चढताना शुद्ध नी, उतरताना कोमल नी, म्हणजे खमाजाची कल्पना ठेवा. निक्रिझ म्हणजे शुद्ध रे, कोमल ग, तीव्र म, प, शुद्ध ध, कोमल नी. कर्नाटकी हेमवती ज्यांना ओळखीची आहे त्यांना लगेच सापडेल. नियावेंत या द्रोमोसला कर्नाटकी सिंहेंद्रमध्यमम् धरा. ही नावं फक्त बोटं शोधायला वापरा. रागाचं चलन, वादी-संवादी त्यात कोंबू नका.

तिसरी सवय सप्तकभर फिरायची. बेटांवरच्या बऱ्याच जुन्या चाली त्साम्बुना नावाच्या पखवाली वाद्यावरून व्हायोलिनवर आल्यात. बकऱ्याच्या कातड्याची पिशवी, तिला दोन नळ्या, जेमतेम सहा सूर. म्हणून चालही त्या सहा सुरांतच घोटाळते. कंटाळवाणी वाटते म्हणून आपण तार सप्तकात तान मारतो आणि धुनेचा जीव जातो. सहा सुरांतच गज, खटका आणि जोर बदलून ती दहा मिनिटं खेळवायची, कौशल्य ते.

चौथी: हात हलवून सूर थरथरवणं. फार कमी. नाचाच्या चालीत जवळपास नाहीच.

आणि मंडळी, "ग्रीक व्हायोलिन" असं एकच काही नाही हे लक्षात असू द्या. बेटांवर व्हायोलिन आणि लाऊतो ही जोडी, तिला झिया म्हणतात, जोडी याच अर्थाने. नाक्सोसच्या किनिदारोस गावचं कोनितोपुलोस घराणं ऐका, यॉर्गोस कोनितोपुलोस यांचा गज ऐकला की दोक्सारी काय म्हणतात ते कळेल. क्रीट बेटावर बहुतेक ठिकाणी लीरा (गजाने वाजवायचं छोटं उभं वाद्य), पण पश्चिमेला किसामोस भागात व्हायोलिन. वायव्येचा डोंगराळ इपिरोस तर वेगळंच जग. तिथे क्लॅरिनेट पुढे, व्हायोलिन तिच्या बाजूला. सूर पाचच: सा, कोमल ग, म, प, कोमल नी, म्हणजे आपला धानी. आणि तिथे मात्र मींड चालते, वरून खाली घसरणारी, रडल्यासारखी. शोकगीताला मिरोलोई म्हणतात, त्याला ताल नाही, खाली एक सूर सतत धरलेला असतो. इपिरोसचे अलेक्सिस झुंबास अमेरिकेला गेले, तिथे १९२० च्या दशकात त्यांनी केलेली मिरोलोईची ध्वनिमुद्रणं आलाप ऐकणाऱ्या कानाला पटकन भिडतात. बेटांचं आणि इपिरोसचं एकत्र कालवू नका, एवढंच.

---

शहापूर_बेळगाव

सप्तक, सगळं पटलं, फक्त "खमाजाची कल्पना ठेवा" हे धोक्याचं. नवशिका खमाज म्हटलं की ठुमरीच करतो. नी-चा फरक सांगून सोडून द्यावं.

तंबोऱ्यावर सराव करताय का ताई? मग तेही बंद करा. तंबोरा सा-प देत बसतो, त्यात ठोका नाही. लाऊतो ठोका देतो आणि धुनेबरोबर खालचा सूरही बदलतो. आपल्याकडे लाऊतो मिळणार नाही, पण गिटारवाला गल्लोगल्ली आहे. त्याला पांढरी दोनचा मेजर आणि पांढरी पाचचा मेजर असे दोनच कॉर्ड द्या. १ वर खालची जाड तार एकटी, ४ आणि ७ वर बाकीच्या तारांचा झपका. पाच मिनिटं फोनवर टेप करून घ्या, तीन वेगांत: मात्रेला मिनिटाला १२०, १६०, २००. तोही नाही मिळाला तर पेटीवर सा-प धरून हाच ठोका टेप करा. पेटीचा सूर लांबतो, म्हणून बोट लगेच उचलायचं.

मूळ धून हळू करून ऐकायची तर यूट्यूबचा वेग ०.७५ ठेवा. ०.५ वर खटके चिखल होऊन ऐकू येतात, त्यातून काही कळत नाही. बारीक बघायचं असेल तर चार-पाच सेकंदांचा तुकडा ऑडॅसिटी या संगणकावरच्या प्रोग्रॅममध्ये घ्या आणि टेम्पो बदला. पीच किंवा स्पीडला हात लावू नका, नाहीतर पट्टी सरकेल.

शिक्षकाचं: ऑनलाइन शिकवणारे ग्रीक वादक आहेत. ग्रीसची वेळ आपल्या साडेतीन तास मागे, उन्हाळ्यात अडीच तास. त्यांचं घड्याळ मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पालटतं. म्हणजे तिथला संध्याकाळी सहाचा तास हिवाळ्यात आपल्याकडे रात्री साडेनऊला, उन्हाळ्यात साडेआठला. निपाणीत त्या वेळी लाइट आणि नेट दोन्ही धड असतील असं बघून वेळ घ्या. ऑनलाइनवर दोघांनी एकदम वाजवता येत नाही, आवाज मागेपुढे पोचतो. तेव्हा गुरूने वाजवायचं, मग तुम्ही, असंच चालतं. गजाचा हात दिसेल असा कॅमेरा ठेवा, तोंड दिसलं नाही तरी चालेल. प्रत्यक्ष जायची ऐपत झाली तर क्रीटमध्ये हुदेत्सी गावी रॉस डेली या वादकांची लॅबिरिंथ नावाची संगीतशाळा आहे, तिथे उन्हाळ्यात आठवड्याभराचे वर्ग असतात. जवळचं म्हणाल तर गोवा. पणजीच्या कला अकादमीत पाश्चात्त्य व्हायोलिन शिकवतात. ग्रीक नव्हे, पण उभं राहून धरलेला गज आणि चौथं बोट तिथे नीट होईल.

---

दोक्सारी

उभं राहायचं की बसायचं? मी उभ्याच्या बाजूचा. पानीगिरी म्हणजे तिथली जत्रा. १५ ऑगस्टला मेरीच्या सणाची सगळ्यात मोठी, रात्रभर नाच चालतो. तिथेही वादक बसतातच, पण खुर्चीवर, पाय जमिनीवर ठोके द्यायला मोकळे. मांडी घातली की पाय अडकला. पाय अडकला की ठोका डोक्यात मोजावा लागतो, आणि डोक्यात मोजलेला सात नेहमी घाईचा होतो.

---

खुंटी_आणि_घोडी

यात दोक्सारींशी माझं जमत नाही. व्हायोलिनचं डोकं पायावर टेकवून ज्यांचा हात तयार झालाय, त्यांनी एकदम हनुवटीखाली धरलं की डावा हात वाद्य सांभाळण्यातच गुंततो. अंगठा आवळला जातो आणि खटका मरतो. कर्नाटकी वादक मांडी घालून चारही बोटं झरझर चालवतातच की. बेटांवरही जुन्या वादकांत छातीवर खाली टेकवून वाजवणारे आहेत, अमुक एकच धरण असा नियम तिथेही नाही. पहिले तीन महिने मांडी घालूनच गज दुरुस्त करा. ठोक्याला पाय हवा असेल तर कमी उंचीच्या स्टुलावर बसा, व्हायोलिनचं डोकं डाव्या गुडघ्यावर टेकवा, उजवा पाय मोकळा राहतो.

---

दोक्सारी

स्टुलाची तोड चालेल. पण तीन महिने, त्याहून जास्त नाही. गुडघ्यावर टेकवलं की वाद्याचा कोन खाली झुकतो आणि ओढीला हाताचं वजन आपोआप मिळतं. पुढे उभं राहिल्यावर ते वजन बोटांनी द्यावं लागतं, ती सवय उशिरा लागली तर अवघड जाते.

---

गजवाली_निपाणी

स्टुलावर बसून आठवडाभर सिर्तोसचे सहा गज मोकळ्या तारेवर केले. जोर आता तिन्ही ठिकाणी ऐकू येतोय. पण नवीनच भानगड: चार-पाच आवर्तनं झाली की गज टोकाला जाऊन पोचतो आणि वाजवायला केसच उरत नाहीत. आणि आमच्याकडे पाऊस सुरू झालाय, गज कितीही आवळला तरी केस सैलच.

---

दोक्सारी

हे व्हायलाच हवं होतं. सहा गज बरोबर पडताहेत याची ती खूण. हिशेब बघा: १-२ च्या ओढीला दोन मात्रा मिळाल्या, ३ च्या ढकलीला एकच. दोन्ही एकाच वेगाने चालवलेत तर दर जोडीला पाच-सहा सेंटिमीटर टोकाकडे सरकणार. एका आवर्तनात अशा दोन जोड्या, म्हणजे दहा-बारा सेंटिमीटर. चौथ्या आवर्तनाला टोक येणारच.

ढकल दुप्पट वेगाने करायची, एका मात्रेत ओढीइतकेच केस परत आणायचे. पण वेग वाढला की आवाज वाढतो, आणि मग तिसरी मात्रा पहिलीपेक्षा मोठी वाजते. म्हणून ढकलीला तर्जनीचा दाब जवळजवळ काढून घ्या, केस तारेवर नुसते तरंगले पाहिजेत. ओढ हळू आणि जड, ढकल चटकन आणि हलकी. गजाच्या काडीवर मध्यभागी कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावा आणि प्रत्येक पहिल्या मात्रेला तारेवर तोच तुकडा येतो का ते बघा. दहा आवर्तनं तुकडा जागेवर राहिला की वेग दहाने वाढवा, आधी नाही.

कालामातियानोसमध्ये अशी जोडी आवर्तनाला एकच, म्हणून तिथे सरकणं निम्मं असतं आणि उशिरा लक्षात येतं. तिथेही तीच पट्टी.

---

खुंटी_आणि_घोडी

केसांचं: पावसाळी हवेत घोड्याचे केस लांबतात. स्क्रू पूर्ण फिरवूनही काडी आणि केस यांत मधल्या जागी करंगळीएवढं अंतर येत नसेल तर आणखी आवळू नका, आतल्या पितळी नटाचे आटे जातात. केस आखूड करून बांधून घ्यावे लागतील. बांधणाऱ्याला पावसाळ्यातच द्या आणि थोडी ढील ठेवायला सांगा. भर पावसात पक्के ताणून बांधलेले केस जानेवारीच्या कोरड्या हवेत आखडतात. मग स्क्रू पूर्ण सोडला तरी गज सैल होत नाही आणि काडी वाकते. वाजवून झाल्यावर गज रोज सैल करायचा, आणि व्हायोलिनची पेटी भिंतीला टेकवून ठेवायची नाही, निपाणीच्या जुन्या मातीच्या भिंतींना तर मुळीच नाही. राळ पावसात कमी लावा, दोन-तीन फेरे बस. दमट केसांवर जास्त राळ बसली की गोळे होतात आणि तुमची ती चटकन करायची ढकल तारेला चिकटून बसते.